लाइव्ह लोकेशनवाले कोच

"मुलगी नाही म्हणाली तर?"

"नाही म्हणजे नाही, सर."

"राग आला तर?"

"आधी श्वास, मग शब्द, सर."

"हात उचलणं?"

"गलत है, सर."

बावीस पोरं मॅटवर मांडी घालून बसली होती आणि एका सुरात उत्तरं देत होती. समोर कमरेवर हात ठेवून कोच दलबीर सर. बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत मी, मांडीवर फाईल. फरीदाबादच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या त्या कबड्डी अकादमीत माझा तिसरा महिना चालू होता आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होते. मी पंधरा वर्षं शाळेत नाटक शिकवलं आहे. इतकं चोख पाठांतर माझ्या एकाही स्नेहसंमेलनात झालं नव्हतं.

सेशननंतर पोरं फॉर्म भरायला लागली. मागच्या रांगेतला एक जण वाकून हळूच म्हणाला, "मॅम, 'पूर्ण सहमत' पहिल्या रकान्यात की शेवटच्या? सरांनी पहिला सांगितलाय, पण ते मागच्या फॉर्मचं होतं."

तिथे माझं पाठ थोपटणं थांबलं.

माझं काम काय ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या नणंदेलाही ते अजून कळलेलं नाही. मी कोचना शिकवते. खेळ नाही, मी बसच्या मागेसुद्धा धावत नाही, पुढची पकडते. तरुण खेळाडूंनी आपल्या मैत्रिणीवर पाळत ठेवू नये, धमकावू नये, मारू नये, यासाठी त्यांच्या कोचने त्यांच्याशी काय आणि कसं बोलावं, ते मी कोचना शिकवते. थेट पोरांना का नाही? कारण वीस वर्षांचा दांडगा गडी आईचं ऐकत नाही, प्राध्यापकांचं ऐकत नाही, माझं तर मुळीच ऐकत नाही. पण कोच म्हणाला भिजवलेले बदाम खा, तर तो वाटीसकट खाईल. म्हणून आमच्या संस्थेची पद्धत अशी की आठवड्यातून एकदा सराव संपल्यावर, पोरं घामाने निथळत असतानाच, कोचने दहा मिनिटं बोलायचं. राग, मत्सर, नकार असे विषय. याला आम्ही सेशन म्हणतो. सुरुवातीला आणि मग अधूनमधून पोरांकडून फॉर्म भरून घ्यायचे, विचार बदलतायत का ते बघायला.

दलबीर सरांनी सेशन म्हणजे ड्रिल समजून घोटून घेतलं होतं. त्यांचं त्यात काही कपट नव्हतं. पकड घोटतात, तसं हे घोटलं.

माणूस भला. पन्नाशीचा, एके काळचा नावाजलेला कोपरारक्षक, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. पहिल्या दिवशी मी ऐटीत म्हटलं होतं की कबड्डी मूळची आमच्या महाराष्ट्राची. त्यांनी अत्यंत नम्रपणे विचारलं, मग पदकं हरयाणाच्या घरांत कशी काय टांगलेली असतात? ते अस्सल हरयाणवीत बोलतात. मी इथे मराठीत सांगतेय, त्यामुळे निम्मी गंमत वाटेतच सांडणार.

त्याच आठवड्यात सुनीता मॅडमनी मला चहाला बोलावलं. त्या मुलींच्या टीमच्या कोच. पलीकडची मॅट त्यांची. अर्धा कप होईपर्यंत त्या हवापाण्याचं बोलल्या. मग म्हणाल्या की पायलचा हात बघा, पण बघताय असं दाखवू नका.

पायल एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, मुलींच्या टीमची डावी कोपरारक्षक. उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. मॅटवर पडले, असं ती सगळ्यांना सांगत होती. सुनीता मॅडमना तिने खरं सांगितलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच खोलीत बसून मलाही सांगितलं. मुलांच्या टीमचा पहिला चढाईपटू अंकित वर्षभर तिचा मित्र होता. त्याला दिवसभर तिचं लाइव्ह लोकेशन लागायचं. म्हणजे ती कुठे आहे ते त्याच्या फोनच्या नकाशावर ठिपक्यासारखं दिसत राहायचं. एका दुपारी तिने ते तासभर बंद ठेवलं. तो कॉलेजच्या गेटवर आला, मनगट पिरगाळून फोन हिसकावला आणि रस्त्यावर आपटला. दुसऱ्या दिवशी चॉकलेट घेऊन आला आणि रडला.

"घरी कळलं तर पापा ग्राउंड बंद करतील," पायल म्हणाली. "चूक त्याची आणि घरात मी बसायची."

आमच्या कामात अशा वेळी पहिला नियम असा, की आधी तिला काय हवंय ते विचारायचं. पोलीस तक्रार, हेल्पलाइन, समुपदेशक, सगळे रस्ते मी तिच्यापुढे मांडले. तिने नंबर लिहून घेतले, अंकितला ब्लॉक केलंच होतं, कॉलेजातून येताना मैत्रिणीला सोबत घ्यायचं ठरवलं. तक्रार आत्ता नको म्हणाली. मग तिला जे हवं होतं ते तिने सांगितलं. नऊ दिवसांनी मानेसरला निवड चाचणी होती. मुलं-मुली एकाच बसने जाणार होती. अंकित त्या बसमध्ये असेल, तर ती चढणार नव्हती. आणि ही चाचणी हुकली की वर्ष गेलं. पुढच्या वर्षी घरचे तिला खेळू देतील याची खात्री तिला स्वतःलाच नव्हती.

बसमध्ये कोण बसणार हे एकच माणूस ठरवत होता. पायलने मला परवानगी दिली: दलबीर सरांना सांगा, पोरांना नाही.

मी सांगितलं. सर बराच वेळ शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले की अंकित तर फॉर्म सगळ्यात आधी भरतो, सगळी उत्तरं बरोबर. ते मलाही माहीत होतं. म्हणाले, बोलावतो त्याला, दोन कानाखाली वाजवतो, पायलच्या पाया पडायला लावतो, विषय संपला.

"सर, हात उचलू नये हे समजवायला हात उचलणार?"

"मॅडमजी, माझा हात वेगळा. तो आशीर्वाद असतो."

"आणि बस?"

"पहिला चढाईपटू घरी ठेवून चाचणीला जाऊ? टीममध्ये काय तुमची नणंद घेऊन जाऊ?"

नणंदेबद्दल मी त्यांना नको तितकं सांगून ठेवलं होतं. मी दोन दिवस मागितले. तोवर आशीर्वाद राखून ठेवा म्हटलं. त्यांनी मान्य केलं, बहुधा मी उठावं म्हणून.

खरं सांगायचं तर मला आता वेगळीच उत्सुकता लागली होती. अंकित घरात काही बघून शिकला असेल, असं आम्ही या धंद्यातले लोक चटकन म्हणतो. पण सुनीता मॅडम त्याचं घर ओळखत होत्या. वडील गाय, आई वाघ. मग हा लोकेशन मागायला, फोन आपटायला, वर रडायला शिकला कुठे? मी ठरवलं की दोन दिवस अकादमीत खुर्ची टाकून बसायचं आणि नुसतं बघायचं.

पहिल्या सकाळी साडेसहाला दलबीर सरांचा फोन टुणटुणायला लागला. बावीस पोरं बावीस नाश्त्यांचे फोटो पाठवत होती. सर एकेक फोटो मोठा करून बघत होते. एकाच्या ताटाच्या कडेला भुजियाचे चार दाणे दिसले. त्याला फोन गेला.

मग सरांनी कौतुकाने मला नकाशा दाखवला. बावीस ठिपके. पोरं कॉलेजात, बाजारात, मावशीकडे, कुठेही असोत, दिवसभर लोकेशन चालू. एक ठिपका सेक्टरच्या मार्केटमध्ये मोमोवाल्यापाशी थबकला. सरांनी फोन लावला. ठिपका धावत सुटला.

"फोन उचलला नाही तर?" मी विचारलं.

"एका मिस्ड कॉलला मैदानाच्या दोन फेऱ्या. तीन झाले तर शंभर बैठका."

प्रत्येक पोराच्या फोनमध्ये सरांसाठी वेगळी रिंग होती, शिट्टीची. इतर कुणाचा फोन वाजला तर पोरं आरामात खिशात हात घालत. शिट्टी वाजली की उभी राहत. एकदा तर एकाने बूट बांधता बांधता उडी मारली आणि नाडीवर पाय पडून आडवा झाला, पण फोन उचलला.

मी पोरांना विचारलं, त्रास नाही का होत? सगळे हसले. एक म्हणाला, सर फोन करतात म्हणजे लक्ष आहे. करत नाहीत तेव्हा भीती वाटते. मग त्यांनी मला त्यांचा आवडता किस्सा सांगितला. मागच्या वर्षी अंकित न सांगता मित्राच्या लग्नाला गेला. लोकेशन बंद. सर शोधत तिथे पोचले, मांडवात त्याचा फोन हिसकावला आणि भिंतीवर फोडला. दुसऱ्या दिवशी स्वतः नवा घेऊन आले, त्याला मिठी मारली आणि रडले.

"मॅम, सगळं ग्राउंड रडलं," पोरगा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत आत्ताही चमक होती. "इतकं प्रेम कोण करतं?"

मी वहीत लिहायचं थांबवलं. नाटकवाल्यांना कळतं, एखादा प्रवेश दुसऱ्यांदा रंगमंचावर येतो तेव्हा. फक्त पात्रं बदलली होती.

इथवर माझं सगळं बरोबर चाललं होतं. इथून पुढे मी मूर्खपणा केला.

तिसऱ्या दिवशी मी सरांसमोर बसले आणि वही उघडून, नावं न घेता, गंभीर आवाजात वाचायला लागले. एक माणूस आहे. समोरच्याचं लोकेशन दिवसभर बघतो. काय खाल्लं त्याचा फोटो मागतो. फोन उचलला नाही तर शिक्षा करतो. न सांगता कुठे गेलं तर जाऊन फोन फोडतो. मग रडतो. मी थांबले. किती थांबायचं ते मला उत्तम कळतं.

"सर, हा माणूस कसा वाटतो?"

सरांचे कान लाल झाले. त्यांना वाटलं मी अंकितबद्दल बोलतेय. म्हणाले, असा पोरगा माझ्या मुलीच्या आजूबाजूला दिसला तर त्याचे पाय जागेवर राहणार नाहीत.

"यात अंकित कुठेच नाही," मी म्हटलं. "ही दोन दिवसांत केलेली तुमची नोंद आहे."

काय सुंदर शांतता पसरली. मी ती अगदी चाखत होते. आणि दलबीर सर उठले, माझी खुर्ची उचलली, मी उठायची वाट न बघता जवळजवळ माझ्यासकट, आणि गेटबाहेर नेऊन ठेवली.

दुपारी केतकीचा फोन. केतकी माझी बॉस, बत्तीस वर्षांची, दिल्लीतच वाढलेली मराठी मुलगी.

"नीलाताई, तुम्ही काय केलंत यार? अकादमीने प्रोग्रॅम बंद केला. मेल आलाय, एका ओळीचा."

"ते जरा हिरमुसलेत."

"म्हणजे?"

"अपसेट आहेत."

"मग अपसेट म्हणा ना. आणि त्या मुलीचं काय?"

हाच प्रश्न होता. पाच दिवस उरले होते. माझ्या एका झकास प्रवेशापायी पायलची बस सुटणार होती.

सुनीता मॅडमनी माझी जी हजेरी घेतली ती केतकीनेही घेतली नव्हती. म्हणाल्या, "तुम्ही बोललात ते खरं होतं. पण तुम्हाला टाळी हवी होती. तो माणूस तीस वर्षं असाच वाढला आहे. त्याच्या कोचने त्याला पट्ट्याने मारलं होतं. हा फोन फोडून थांबला, ही त्याच्या मते प्रगती आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेटवर जाऊन उभी राहिले. सर आले, स्कूटर लावली, मला बघून न बघितल्यासारखं केलं. मी म्हटलं की सापळा लावून बोलले ते चुकलं, त्याची माफी मागते. जे बोलले त्याची नाही. आणि माझं एक काम आहे, ते सरळ सांगते: पायलला त्या बसमध्ये बसायचं आहे.

सर कुलूप उघडत होते. पाठमोरेच म्हणाले, "लोकेशन बंद केलं तर पोरं बिघडतील."

"बिघडतीलही. मला माहीत नाही."

हे ऐकून त्यांनी वळून बघितलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच मला काहीतरी माहीत नव्हतं.

"पोरं मला घाबरत नाहीत," ते म्हणाले. "मान देतात. विचारा त्यांना."

"तुम्हीच विचारा. पण एका सुरात उत्तर येईल असं विचारू नका."

त्या संध्याकाळी सराव संपल्यावर त्यांनी पोरांना बसवलं. अंकितही होता. मी यावेळी उभी, लांब, जाळीला टेकून. सरावाच्या वेळी सगळे फोन बुटांच्या एका खोक्यात जमा असतात. ते खोकं खांबापाशी होतं. सरांनी काही प्रस्तावना केली नाही. खिशातून स्वतःचा फोन काढला आणि एक नंबर दाबला.

खोक्यातून शिट्टी वाजली.

कुणाचा फोन वाजतोय हे कुणालाच कळायचं कारण नव्हतं. सगळ्यांची रिंग तीच. बावीसच्या बावीस पोरं उभी. दोघे खोक्याच्या दिशेने पळाले आणि एकमेकांवर आदळले. अंकितचा चेहरा मी बघितला. मॅटवर समोर सात जण असताना हसणारा तो पोरगा पांढरा पडला होता.

सरांनी फोन बंद केला. कितीतरी वेळ ते त्या उभ्या पोरांकडे बघत राहिले. मला वाटतं, आपली पोरं अशी दिसतात हे त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं.

"बसा," ते म्हणाले. "काही नाही झालं. बसा."

मग त्यांनी सगळ्यांसमोर अंकितला सांगितलं की मागच्या वर्षी मी तुझा फोन फोडला, ते चूक होतं. मला भीती वाटली होती की पोरगा हातातून जातोय. भीती माझी होती, फोन तुझा होता.

पहिल्या रांगेतल्या एकाने सवयीने सुरुवात केली, "गलत है, स..." आणि जीभ चावली. कुणी हसलं नाही. या प्रश्नाचं उत्तर कुणालाच शिकवलेलं नव्हतं. त्या दिवशी सेशन पन्नास मिनिटं चाललं. एकाने विचारलं, मग काळजी कशी दाखवायची? सर म्हणाले, मला माहीत नाही, मॅडमजींना विचारा. मी म्हटलं, तुम्हीच सांगा, तुम्हाला कशी आवडेल? पोरं अंधार पडायला लागेपर्यंत भांडत होती.

अंकितशी सर नंतर एकटेच बोलले. पायल बोललीये असं म्हणायचं नाही, हे आमचं ठरलं होतं. कॉलेजच्या गेटवरचा प्रकार रस्त्यावरच्या पन्नास लोकांनी बघितला होता, त्यामुळे सरांना तो कुठूनही कळू शकत होता. काय बोलणं झालं ते मला सरांनीच सांगितलं. अंकित म्हणाला, सर, मी तेच केलं जे तुम्ही केलंत.

"मग?" मी विचारलं.

"मी म्हटलं, शिकवलं मी असेन. हात तुझा होता. माझं मी भरतोय, तुझं तू भर. तू मानेसरला येत नाहीस."

आणि पुढे म्हणाले की कानाखाली मारणं याहून खूप सोपं होतं.

चाचणीच्या सकाळी मी मुद्दाम गेले. बस सातची. सातला पाच कमी असताना पायल आली, पायरीपाशी थांबली, आत मान घालून पुढून मागपर्यंत सगळ्या सीट बघितल्या. मग सुनीता मॅडमकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. ती चढली आणि खिडकीशी बसून केस बांधायला लागली.

मुलांच्या टीमचा त्या दिवशी बोजवारा उडाला. पहिल्या चढाईपटूशिवाय कोण जिंकतं? दोघांचीच निवड झाली. दलबीर सर महिनाभर मी दिसले की आकाशाकडे बघत.

पायलची निवड झाली नाही. तिने दोन सोप्या पकडी सोडल्या. मनगटामुळे नाही, घाईमुळे. "त्या चुका माझ्या होत्या, मॅम," ती मला सांगत होती, आणि निवड न झालेल्या मुलीच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी कधी पाहिलेलं नाही. ती अजून खेळते. पापांना अजून काही माहीत नाही.

अंकित आठवड्यातून एकदा आमच्या समुपदेशकाकडे येतो. त्याशिवाय मॅटवर उतरायचं नाही, ही सरांची अट. कॉलेजच्या गेटवर तो पुन्हा गेलेला नाही. सुधारला का, असं लोक मला विचारतात. मला माहीत नाही. मी त्याला फॉर्म दिलेला नाही.

बाकीच्यांना दिला, प्रोग्रॅम पुन्हा सुरू झाल्यावर. निकाल बघून केतकीने डोक्याला हात लावला. सगळ्यांचे गुण घसरले होते. 'मैत्रिणीचा फोन तपासावासा वाटतो का' या प्रश्नावर आधी बावीस 'कधीच नाही' होते. आता बहुतेकांनी 'वाटतो' लिहिलं होतं. मी तिला समजावलं की हे पहिले खरे फॉर्म आहेत. ती म्हणाली, हे वर पाठवायच्या रिपोर्टमध्ये कसं लिहू? तो प्रश्न तिचा आहे, ती बॉस आहे.

सरांनी रोजचं लोकेशन बंद केलं. सामन्यासाठी बाहेरगावी जाताना मात्र ते विचारतात, आणि ज्याला द्यायचं नाही त्याने नाही म्हणायचं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा सहा जण नाही म्हणाले. त्या दिवशी सरांनी तीन वेळा चहा घेतला आणि गुडघे दुखत असताना मैदानाच्या चार फेऱ्या मारल्या, पण फोन खिशातच ठेवला.

आता नव्या अकादमीत मी कोचला पहिले दोन दिवस काहीच शिकवत नाही. खुर्ची टाकून बसते, बघते, आणि तोंड बंद ठेवते. बसणं आणि बघणं मला चांगलं जमायला लागलंय.